बाबांच्या मांडीतली गाठ

ती. आई-बाबांस,
सा. न.

एक्स-रेचा फोटो मोठा करून पाहिला. 'ट्यूमरची शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य वाचून आईने देव पाण्यात ठेवले असणार. ते निदान नव्हे, पुढची तपासणी करा एवढाच त्याचा अर्थ.

स्कूटर घसरली तेव्हा बाबांच्या मांडीला मुका मार बसला. असा मार बसलेल्या स्नायूत कधीकधी चक्क हाड तयार होतं. त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. नाव भारदस्त, गाठ निरुपद्रवी. हे हाड बाहेरून आत पिकतं. तीन ते सहा आठवड्यांत कडेला अंड्याच्या टरफलासारखं कवच दिसू लागतं आणि मधला भाग फिका राहतो. हाडाच्या कॅन्सरमध्ये बहुधा उलट असतं: मध्ये घट्ट, कडेला विरळ. बाबांच्या फोटोत गाठ आणि मांडीचं हाड यांच्यामध्ये बारीक काळी फट आहे, हे चांगलं. कवच मात्र अर्धवट आहे, कारण पडून जेमतेम चार आठवडे झालेत. सीटी स्कॅनमध्ये ते नीट कळेल.

सुईने तुकडा काढून तपासायची, म्हणजे बायोप्सीची, घाई आत्ता नको. मधल्या कोवळ्या पेशी इतक्या भराभर वाढत असतात की तेवढाच तुकडा पाहून ऑस्टिओसार्कोमाचा, म्हणजे हाडाच्या कॅन्सरचा, भास होऊ शकतो. पुढे बायोप्सी करावीच लागली, तर हाडांच्या ट्यूमरची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडेच. 'छोटीशी गाठ, काढून टाकू' म्हणणाऱ्याकडे नाही.

पण मार लागला होता म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. आधीपासूनची गाठ मार बसल्यावरच हाताला लागते, हेही होतं. म्हणून गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटीमीटर वर पेनाने खूण करा आणि दर रविवारी दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजून कॅलेंडरवर लिहा. दुखणं आणि घेर कमी होत गेले तर चार आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. गाठ वाढली किंवा रात्री दुखून झोपमोड झाली, तर त्याच दिवशी फोन.

आई, मालिशवाल्या मावशींना नको म्हणून सांग. तेल लावून रगडलं की स्नायू आणखी दुखावतो आणि हाड जास्त धरतं. बाबा, गुडघा तुम्ही स्वतः, दुखणार नाही इतपतच वाकवा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना ती चालू असल्याचं सांगा. साकळलेलं रक्तही गाठीसारखं लागतं.

सीटीची सीडी मागून घ्या. नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून कवच दिसत नाही.

तुमची,
लेक