विषय : वाचकांच्या पासवर्डची वही ठेवायला सांगितल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

आत्ता तुमच्या मदतकेंद्राचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. या आठवड्यातला हा चौथा फोन.

वाचक ज्यावर ग्रंथपालाला ऑनलाइन प्रश्न विचारतात ती तुमची प्रश्नसेवा ९० दिवस झाले की पासवर्ड बाद करते, हे तुम्हाला सांगायला नको. नव्याची लिंक ईमेलवर येते आणि १५ मिनिटांत संपते. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या वाचनालयात सकाळी येणारे बहुतेक निवृत्त. ईमेल नातवाने उघडून दिलेला, मोबाइल घरी चार्जिंगला. घरी पोचेपर्यंत लिंक गेलेली. मग तीनदा चुकतं, खातं बंद होतं आणि आजोबा माझ्या टेबलापाशी येतात : "मॅडम, माहा पासवर्ड पुन्हा चालूनच नाही राहिला जी." अभ्यासिकेतल्या काही मुलींच्या घरी तर एकच फोन, तोही वडिलांच्या खिशात.

आज मी एवढंच विचारलं की बंद पडलेलं खातं ग्रंथपालाच्या लॉगिनवरून उघडता येईल का? वाचक समोर उभा असतो, सभासद कार्ड हातात असतं, ओळख मी पटवते. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "मॅडम, एक वही करा. सगळ्यांचे पासवर्ड लिहून ठेवा." मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. "हो, वहीच. नाहीतर सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन टाका." मी म्हटलं, अहो, त्या खात्यांत लोकांनी विचारलेले प्रश्न असतात. ते हसले. "पुस्तकांचेच प्रश्न ना मॅडम, कोण वाचतंय!"

उत्तरं मी पाठवते, म्हणून मला माहीत आहे लोक काय विचारतात. पोटगीचा अर्ज कुठे करायचा. गाठ निघाली, कोणतं पुस्तक वाचू. टेबलाशी येऊन हे बोलवत नाही म्हणून ते तिथे लिहितात. आणि तुमचा माणूस हसतो!

वर, लॉगिनच्या पानावर 'मला लक्षात ठेवा' ही खूण तुम्ही आधीच करून ठेवता. आमच्या ४ संगणकांवर दिवसभर माणसं बदलत असतात. एकाने लॉगआउट केलं नाही की त्याचे प्रश्न दुसऱ्यासमोर उघडे. ही तक्रार मी जूनपासून करते आहे.

आणि ते ९० दिवस! ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २०१७ मध्येच सांगितलं आहे. 'वाचकाचा वेळ वाचवा' हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा १९३१चा नियम तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आहे. तो वाचूनच मी कार्यकारिणीकडे तुमची शिफारस केली होती. पुढच्या महिन्यात वर्गणीच्या नूतनीकरणाचा विषय आहे, तेव्हा विरोधात मीच बोलणार आहे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही माझ्याकडे आहे.

वही मी केलेली नाही, करणारही नाही. आज तीन वाचकांची खाती बंद पडली आहेत. ती उद्या सकाळी वाचनालय उघडायच्या आत सुरू करून द्या.

ग्रंथपाल,
महाल, नागपूर