तीन लॉर्ड सेन्सबरी, तीन वेगळ्या सनदा

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

ब्रिटनमधली किराणा दुकानांची मोठी साखळी चालवणाऱ्या सेन्सबरी घराण्यावरचा तुझा दिवाळी अंकासाठीचा मसुदा वाचला. दुकानाचा भाग छान उतरलाय, पण "अ‍ॅलन यांच्यानंतर उमरावपद मुलाकडे, जॉन यांच्याकडे आले" हे वाक्य आधी काढून टाक. तिथून पुढची सगळी मांडणी घसरते.

१९५८च्या ब्रिटिश कायद्याने जे 'लाइफ पीअर' (तहहयात उमराव) नेमले जातात, त्यांची उमरावकी त्यांच्याबरोबरच संपते. मुलाला हाउस ऑफ लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात आसनही मिळत नाही, 'लॉर्ड' हा किताबही नाही. सेन्सबरी घराण्यात तिघे लॉर्ड झाले ते तीन स्वतंत्र सनदांनी: अ‍ॅलन १९६२ मध्ये, त्यांचे थोरले चिरंजीव जॉन १९८९ मध्ये आणि पुतणे डेव्हिड १९९७ मध्ये. अ‍ॅलन वारले ऑक्टोबर १९९८ मध्ये. म्हणजे वडील हयात असतानाच जॉन नऊ वर्षे लॉर्ड होते. वारशाचा प्रश्न येतोच कुठे? आपल्या राज्यसभेतल्या १२ नियुक्त सदस्यांशी तू केलेली तुलना चालेल, फक्त त्यांची मुदत सहा वर्षांची आणि यांची तहहयात, एवढं लिही. रीतसर निवृत्तीची सोय तर २०१४च्या कायद्याने आली.

आता नावांचा घोळ, कारण तुझ्या जवळजवळ सगळ्या चुका इथल्याच आहेत. नुसतं 'लॉर्ड सेन्सबरी' हे फक्त अ‍ॅलन यांचं. त्यांच्या सनदेत पुढे 'ड्रुरी लेन, होबर्न' असं गाव-ठिकाण आहे, पण तो किताबाचा भाग नाही, स्वल्पविरामानंतरची पुस्ती आहे. पहिलं नाव एकदा दिलं गेलं की पुढच्याला वेगळं ओळखू येणारं नाव घ्यावंच लागतं. ते गार्टर किंग ऑफ आर्म्स या अधिकाऱ्याशी बोलून ठरतं. म्हणून जॉन झाले 'लॉर्ड सेन्सबरी ऑफ प्रेस्टन कँडोव्हर' आणि डेव्हिड 'लॉर्ड सेन्सबरी ऑफ टर्व्हिल'. इथे 'ऑफ' किताबातच आहे, त्यामुळे पहिल्या उल्लेखात पूर्ण लिही, नंतर आखूड केलंस तरी हरकत नाही. मला यात एक गंमत दिसते. पहिल्याने ठिकाण निवडलं ते १८६९ साली आजोबांनी जिथे दुकान थाटलं त्या रस्त्याचं. पुढच्या दोघांनी हॅम्पशर आणि बकिंगहॅमशरमधली खेडी निवडली. एका पिढीत घराणं काउंटरवरून इस्टेटीवर गेलं, ते सनदांतच वाचता येतं.

'लॉर्ड डेव्हिड सेन्सबरी' मात्र कुठेही लिहू नकोस. लॉर्डनंतर लगेच पहिलं नाव ही पद्धत ड्यूक आणि मार्क्विस यांच्या धाकट्या मुलांची. इंग्रजी वर्तमानपत्रंसुद्धा ही चूक सर्रास करतात, म्हणून कात्रणांवर विसंबू नकोस. जॉन यांचा उल्लेख तर सालागणिक बदलतो: १९६२ पासून लॉर्डचा मुलगा म्हणून 'ऑनरेबल' (ही नुसती सौजन्याची उपाधी), १९८० मध्ये 'सर', १९८९ पासून लॉर्ड. १९७३ साली कंपनीचे समभाग बाजारात आले तेव्हाच्या प्रसंगात तू त्यांना 'लॉर्ड' म्हटलंयस. तिथे नुसतं 'जॉन सेन्सबरी' ठेव.

अध्यक्षपद आणि उमरावकी यांचीही सांगड घालू नकोस. अध्यक्ष होते अ‍ॅलन (१९५६–६७), त्यांचे धाकटे बंधू रॉबर्ट (१९६७–६९), मग जॉन (१९६९–९२) आणि डेव्हिड (१९९२–९८). यातले रॉबर्ट लॉर्ड कधीच झाले नाहीत, 'सर'च राहिले. डेव्हिड हे रॉबर्ट यांचे चिरंजीव, म्हणून जॉन आणि डेव्हिड चुलत भाऊ. जॉन यांचे सख्खे भाऊ टिम १९७३ ते १९९७ होव्हमधून निवडून आलेले खासदार. तेही 'सर', लॉर्ड नाहीत.

पक्षाच्या बाबतीत 'सेन्सबरी म्हणजे मजूर पक्ष' हे अर्धसत्य. अ‍ॅलन उदारमतवादी पक्षातर्फे सडबरीत तीनदा लढून हरले, १९४५ मध्ये मजूर पक्षात गेले आणि १९८१ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षात. डेव्हिडही त्याच नव्या पक्षात होते, पैसाही पुरवत होते. ते १९९६ मध्ये मजूर पक्षात परतले. जॉन हुजूर पक्षाचे. ऑक्टोबर १९९७ ते ऑक्टोबर १९९८ हे एकच वर्ष असं, की तिघे एकाच वेळी हाउस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य होते. लेखाचा मध्य मी तरी इथेच धरला असता. आणखी एक तपशील तुझ्या कामाचा: गुडघे टेकून सनद देणं, दोन साथीदारांसह तीनदा उठून टोपी काढत लॉर्ड चान्सलरना (सभागृहाच्या तेव्हाच्या अध्यक्षांना) लवणं, हा जुना प्रवेशविधी १९९८ मध्ये आटोपशीर झाला. म्हणजे तिघांचाही विधी जुन्या थाटाचा.

डेव्हिड १९९८ ते २००६ विज्ञानमंत्री होते. त्यासाठी त्यांनी आपले समभाग 'ब्लाइंड ट्रस्ट'मध्ये ठेवले: विश्वस्त व्यवहार करतात, मालकाला कळवत नाहीत. पण यातली अडचणही लिही. घराण्याचं नावच ज्या दुकानावर आहे, तिथे आपला पैसा गुंतलाय हे मालकाला ठाऊकच असतं. जनुकबदल केलेल्या पिकांच्या वादात टीका झाली ती याच फटीतून.

देणग्यांचा परिच्छेद निम्मा कर. लंडनच्या नॅशनल गॅलरीची १९९१ची सेन्सबरी विंग जॉन, सायमन आणि टिम या तीन सख्ख्या भावांच्या पैशातून झाली, डेव्हिड यांच्या नाही; त्यामुळे फोटोखालची तुझी ओळ बदलावी लागेल. नॉर्विचच्या विद्यापीठातलं सेन्सबरी सेंटर (१९७८) ही रॉबर्ट-डेव्हिड यांची शाखा. दोन्ही इमारतींचे फोटो शेजारी छापणार असशील, तर ओळींची अदलाबदल होणार नाही एवढं छापखान्यात बजावून सांग.

तुझा,
मकरंद