डेडस्टॉकची सही

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून तुला नुसते अंगठेच पाठवतोय, शिव्या भेटल्यावर दे. तब्येत ठीक, शुगर गोळीवर आहे.

हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही म्हणून लिहितो. आमच्या कॉलेजच्या सर्व्हे लॅबचा डेडस्टॉक, म्हणजे जमीन मोजायची सगळी जुनी यंत्रं, निकालात काढायचं ठरलंय. अंतर मोजायच्या चेन, नकाशे काढायचे प्लेन टेबल, कोन मोजायचे जुने थिओडोलाइट, सगळं भंगारात. पुढच्या सत्रापासून सर्व्हे कॅम्पही बंद. पोरं स्क्रीनवरच कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढणार. राइट-ऑफच्या कागदावर लॅब इनचार्ज म्हणून माझी सही लागते. कागद ड्रॉवरमध्ये पडलाय आणि प्राचार्य रोज विचारतात, "झालं का सर?"

त्या इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन यंत्राशी माझं भांडण नाही, ड्रोनशीही नाही. पण ज्यानं उन्हात उभं राहून यंत्र समपातळीत आणायचा बबल मध्यावर आणला नाही, त्याला समोरचा आकडा चुकलाय हे कळणार कसं? (तुलाही कळलं नव्हतं म्हणा. भोरच्या कॅम्पात आपली मोजलेली उंची बेंचमार्कच्या ठरलेल्या उंचीशी जुळली नाही ती तू स्टाफ, म्हणजे ती उभी मोजपट्टी, तिरका धरलास म्हणूनच. मरेपर्यंत हेच म्हणणार.)

मध्ये भाचीच्या लग्नाला चेन्नईला गेलो, तेव्हा मांडवातून सटकून गिंडीला जाऊन आलो. अण्णा विद्यापीठाचं ते इंजिनिअरिंग कॉलेज मुळात काय होतं? सर्व्हे स्कूल! 1794 साल, मायकेल टॉपिंग हा ईस्ट इंडिया कंपनीचा खगोलशास्त्रज्ञ, आणि पहिल्या वर्गात आठ पोरं. हेतू काही थोर नव्हता. मुलूख मोजायचा होता आणि विलायतेहून सर्व्हेअर आणणं महाग, म्हणून इथलीच पोरं स्वस्तात तयार केली. टॉपिंग 1796 मध्ये वारला, शाळा मात्र टिकली. तिथली पोरं पुढे हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटनच्या हाताखाली गेली. 1802 मध्ये सेंट थॉमस माउंटजवळ त्यानं साडेसात मैलांची बेसलाइन, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीची पायारेषा, चेननं मोजली, ती गिंडीपासून हाकेच्या अंतरावर. 1858 ला त्या शाळेचं सिव्हिल इंजिनिअरिंग स्कूल झालं, 1920 ला ते गिंडीत आलं, 1978 ला विद्यापीठात गेलं. म्हणजे तिथं सिव्हिल जन्मली सर्व्हेच्या पोटी, आणि आमचे सिव्हिलवालेच म्हणतात, सर्व्हेला दोन क्रेडिट पुष्कळ झाले!

प्राचार्यांना हे सगळं ऐकवलं. म्हणाले, "वा, एक पीपीटी करा."

आणि हिंगणघाटच्या जावया, लॅम्बटन 1823 मध्ये तुझ्या सासुरवाडीलाच गेला, हैदराबादहून नागपूरच्या वाटेवर. कबर तिथंच आहे. दर वर्षी जाऊन पुरणपोळ्या हाणतोस, कधी बघितलीस?

सही नाही केली तर दुसरा कुणी करेल. केली तर एक थिओडोलाइट आणि तीन दिवसांचा कॅम्प तरी पदरात पाडून घेता येईल का? तू जन्मभर पाटबंधाऱ्यात फायली फिरवल्यास, अट घालून सही कशी करतात ते तुलाच ठाऊक.

चिऊची अॅडमिशन झाल्याचं कळलं, छान. घराचं काम कुठवर आलं? वहिनींना नमस्कार.

शुक्रवारी मीटिंग आहे. नोटचा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव, आणि तुझ्या त्या सरकारी मराठीतच पाठव, त्याला घाबरतात इथं.

तुझा,
सुध्या