साडेसातच्या घरातली माणसं

ठाणे,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

प्रिय मंजू,

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच आलं, पण फराळाच्या गडबडीत उत्तर राहून गेलं. तुझा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. "काकूंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि त्या मालिकेतल्या बायकांसाठी डोळ्यांना पदर लावतात?" असं तू विचारलंस. मला ते जरा लागलं. कारण बाबा गेल्यानंतरच्या वर्षी मीही आईला हेच विचारलं होतं. ती मेथी निवडत होती. "खोटं आहे हे मला कळत नाही होय गं?" एवढं म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

त्यानंतर मी तिच्या शेजारी बसून मालिका बघायला लागले. मालिकेइतकंच तिलाही बघत होते. आज तुला सविस्तर लिहिते.

माझा मामेभाऊ एका मालिकेच्या कला विभागात काम करतो. गेल्या वर्षी तो मला घोडबंदर रोडला सेट दाखवायला घेऊन गेला. स्वयंपाकघराच्या भिंती प्लायच्या, मागून बघितलं तर नुसत्या पट्ट्या आणि खिळे. नळाला पाणी नाही. खिडकीबाहेरचं झाड फ्लेक्सवर छापलेलं. मला वाईटच वाटलं, आई रोज ज्या ओट्याकडे बघते तो हा! मग मी सहज मिसळणाचा डबा उघडला. हळद एका बाजूने उकरलेली, जिऱ्यात मोहरीचे चार दाणे सांडलेले, मेथ्यांच्या वाटीचा तळ दिसत होता. अगदी आपल्या घरातला डबा. मी म्हटलं, कॅमेऱ्याला हे कुठे दिसणार? तो म्हणाला, "नाही दिसत. पण काम करणाऱ्या ताईंच्या हाताला कळतं. डबा नवाकोरा भरलेला असला की त्या चमचा जपून घालतात."

मंजू, त्या दिवसापासून मी मालिकेत हात बघते. बोलताना पोळी लाटणारा हात, सासूचं बोलणं लागल्यावर ओटा दुसऱ्यांदा पुसणारा हात. त्या वेळी तोंडातलं वाक्य कितीही ठोकळेबाज असो, हात खरं बोलतात. आईलाही तेच भिडतं, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट तिथे पाहिली. दिवाणखान्यातलं घड्याळ बंद होतं, मुद्दाम सेल काढून ठेवलेला. एकाच प्रसंगाचे तुकडे तीन-तीन तास चित्रित होतात, चालू घड्याळ असेल तर दोन वाक्यांच्या मध्ये अर्धा तास उडालेला दिसेल. म्हणून प्रत्येक सीनच्या आधी एक मुलगा स्टुलावर चढून काटे हाताने लावतो.

आणि ते बंद घड्याळ असलेलं घर आपल्याकडे कसं येतं बघ. आपल्या घरात गणपती आले की त्यांच्याकडेही येतात. संक्रांतीला काळी साडी, वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या. काल आम्ही गॅलरीत ऊस, चिंचा, आवळे मांडून तुळशीचं लग्न लावलं, हात धुऊन टीव्ही लावला तर तिथेही अंतरपाट धरलेला! चित्रपट तीन तासांत माणसाचं आयुष्य उरकतो, त्यातल्या माणसांना मंगळवार नसतो. मालिकेतल्या माणसांना तो असतो, आणि तो आपलाच असतो. मला तर वाटतं, मालिकेचा खरेपणा घटनांपेक्षा या सोबत चालण्यातच जास्त आहे.

आणि त्या घराची माहिती आपल्याला शेजाऱ्यांसारखी मिळते, तुकड्यातुकड्यांनी. एकीचं माहेर, दुसऱ्याचं कर्ज, तिसरीचं लपवलेलं पत्र. काही वेळा आपल्याला त्या घरातल्यापेक्षा जास्त माहीत असतं. "हिला अजून कळलं नाही का गं?" असं आई जेव्हा म्हणते, तेव्हा तिचा सूर बी विंगमधल्या काकूंबद्दल बोलतानाच्या सुरासारखाच असतो. चाळीत वाढलेल्या तुला मी हे वेगळं काय सांगणार!

तुझ्या शेजारच्या आजीबाई 'कॉरोनेशन स्ट्रीट' चुकवत नाहीत असं तू लिहिलंस. ती मालिका तुझ्या मँचेस्टरचीच. ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली आणि केन बार्लो हे पात्र पहिल्या भागापासून विल्यम रोच हा एकच नट करतोय. त्या पहिल्या भागात केन कॉलेजात शिकणारा पोरगा आहे, आणि घरचं जेवणाचं टेबल, त्यावरची सॉसची बाटली, बिनकोटाने जेवणारे वडील, या सगळ्याची त्याला लाज वाटते. शिकून वर गेलेल्या मुलाची ही लाज आपल्याकडच्या किती घरांत होती! आजीबाईंनी त्या पोराला म्हातारा होताना पाहिलंय. ते म्हातारपण मेकअपचं नाही. त्यांना एकदा विचारशील, तरुणपणी त्यांना केन कसा वाटायचा?

आपल्याकडे हे वेड 'हम लोग'ने लावलं, १९८४ साली. तेव्हा आपण लहान होतो, पण आईला सगळं आठवतं. वसंत साठे माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना मेक्सिकोला गेले होते, तिथल्या मालिका लोकांना चार गोष्टी शिकवतात हे पाहून त्यांनी ही कल्पना इकडे आणली. मनोहर श्याम जोशींनी ती लिहिली. मुलींना हाका कशा मारायचे आठवतंय? बडकी, मझली, छुटकी. घरात पाळण्यातलं नाव कोण वापरतं? बाप दारुडा, खोल्या अपुऱ्या, पैशाची रोजची ओढाताण. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन बोलायचे, आणि लोकांनी पत्रं किती पाठवली, तर लाखांनी.

आजच्या मालिकांवर माझा राग आहे तो इथेच. कंपन्यांचे कोटींचे व्यवहार होतात, पण दुधाचं बिल कुणी देत नाही. घरभाडं, हप्ता, पाणी जाणं, हे शब्दच ऐकू येत नाहीत. बायका झोपेतून उठतात त्या काजळ-लिपस्टिकसकट. एक वाक्य झालं की चार चेहऱ्यांवर ढॅण ढॅण करत कॅमेरा जातो. तिथे आईसुद्धा उठून कुकर लावते. तिला फसवणं इतकं सोपं नाही.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर 'रात्रीस खेळ चाले' घे. २०१६ ची मालिका, गोष्ट भुताखेतांची, म्हणजे सगळ्यात अविश्वसनीय. पण चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या खऱ्या घरात, आणि पात्रांच्या तोंडी मालवणी. पांडूचं "इसरलंय" तर साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसलं. ते काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेचं लेखनही करत होते. आम्ही आकेरीला गेलो तेव्हा लोक त्या घरासमोर उभे राहून ओळखीच्यांच्या घरी आल्यासारखे बघत होते. बोली आणि ओसरी खरी असली की भूतसुद्धा गावातलंच वाटतं.

आता बाबांचं लिहिते, ते राहूनच जातं. ते २०१८ साली गेले. त्यांची यायची वेळ साडेसातची. किल्लीचा आवाज, चपला, मग चहा. ते गेल्यावर आई त्या वेळी स्वयंपाकघरात नुसती उभी राहायची. मालिका त्याच वेळेला लागते. तिने त्या वेळेत कुणाला तरी घरात येऊ दिलं, असंच मला आता वाटतं.

१९ मार्च २०२० पासून चित्रीकरणं बंद पडली आणि जुने भाग दाखवायला लागले. आई तेही बघायची, पण तुटक. एकदा म्हणाली, "तिकडे काय चाललं असेल कुणास ठाऊक." जणू पुण्याच्या आत्याबद्दलच बोलत होती. जुलैच्या मध्यात नवे भाग सुरू झाले. आई साडेसातच्या आधीच जाऊन बसली. थोरली सून पडद्यावर आली, आईने चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "हिचे केस बघ किती वाढलेत. हिलाही पार्लर मिळालं नाही गं इतके दिवस."

चिवडा आणि चकल्या उद्या पार्सलने टाकते. आजीबाईंना चकली तिखट लागेल, बेताने दे. आणि त्या केनबद्दल काय म्हणाल्या ते नक्की कळव, आईलाही ऐकायचंय.

तुझी,
सुलू