बधीर होणं ही सवय नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा सलग शर्यतीच्या, तयारीवर तुमच्या पुरवणीत जे पान आलं होतं ते मी दोनदा वाचलं, पोहणं पळणं खाणंपिणं सगळं छान लिहिलंय, पण सॅडलबद्दल, म्हणजे सायकलच्या सीटबद्दल, एकच वाक्य होतं की सुरुवातीला दुखतं मग सवय होते, आणि ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. याच वाक्यावर विश्वास ठेवून मी अख्खं एक वर्ष काढलंय. ९० किमीच्या राइडनंतर उतरले की पुढची जागा बधीर, सूज, दोन दिवस नीट बसता यायचं नाही, आणि कुणाला सांगणार? बाई असून हे बोलायचं म्हणजे अवघडच, पुरुषही बोलत नाहीत, सगळे गप्प बसून सहन करतात. म्हणून इथे स्पष्टच लिहितेय, कृपया ते शब्द काढू नका.

दुखणं दोन प्रकारचं असतं हे आधी समजून घ्यायला हवं. बसायच्या दोन हाडांवर नवीन माणसाला थोडं दुखतं ते दोन-तीन आठवड्यांत खरंच कमी होतं. पण बधीर होणं, मुंग्या येणं, सूज येणं ही सवय होण्याची गोष्ट नाही, तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातायत त्याची ती खूण आहे. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांवर निऑश या सरकारी संस्थेने अभ्यास केला होता, २००८ मध्ये तो छापून आला, नाक, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, नसलेलं सॅडल सहा महिने वापरल्यावर बधीरपणा अजिबात जाणवला नाही असं सांगणारे २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेले. सायकल तीच, माणसं तीच, फक्त सॅडल बदललं!

आणि ट्रायथलॉनमध्ये हे जास्तच होतं कारण आपण एरोबारवर, म्हणजे हँडलला पुढे लावलेल्या दांड्यांवर, कोपरं टेकवून पुढे झुकतो, त्यात अख्खी कंबर पुढे फिरते. सरळ बसल्यावर वजन मागच्या दोन हाडांवर असतं, झुकलं की ते पुढे जांघेजवळच्या हाडांवर आणि मधल्या नाजूक भागावर येतं. वर त्या स्थितीत हलायला वाव नाही, साध्या रोड बाइकवर माणूस हात बदलतो, उठतो, सरकतो, इथे तासन् तास एकाच जागी, आणि फुल डिस्टन्सला, म्हणजे पूर्ण लांबीच्या शर्यतीत, तर १८० किमी. म्हणूनच दुकानात सरळ बसून अंगठ्याने दाबून 'वा, मऊ आहे' म्हणत घेतलेलं सॅडल इथे कामाचं नाही. खोक्याच्या पुठ्ठ्यावर बसून हाडांनी उमटलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर मोजायची पद्धत रोड बाइकला चांगली आहे, एरोबारवर झुकल्यावर मात्र सॅडलचा पुढचा भाग किती रुंद आहे आणि मधे फट किंवा खाच आहे का हे जास्त महत्त्वाचं. दुभंगलेल्या नाकाची किंवा आखूड नाकाची सॅडल्स त्यासाठीच निघालीत. पण मधली फट सगळ्यांना मानवतेच असं नाही, माझ्या एका मैत्रिणीला फटीच्या कडाच टोचायच्या, तिला उथळ खाच असलेलं साधं सॅडल बसलं. आणि जेल कव्हर कृपया लावू नका, मी लावलं होतं, हाडं त्यात रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन जिथे दाब नको तिथेच देतो.

आता फिटिंग, इथे बहुतेकांची चूक होते, माझीही झाली. नवीन सॅडल आणलं, जुन्याच्या टोकाला टोक लावून बसवलं आणि वाटलं झालं काम. पण नाकच आखूड असेल तर टोकाला टोक जुळवून कसं चालेल, माणूस प्रत्यक्ष जिथे बसतो ती जागा त्यामुळे चार-पाच सेंटीमीटरसुद्धा पुढे जाऊ शकते. त्यापेक्षा दोन्ही सॅडल्स जिथे साधारण ८० मिलीमीटर रुंद होतात ती जागा जुळवायची. जुनं काढण्याआधी क्रँकच्या, म्हणजे पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सॅडलच्या वरपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा, सीटपोस्टला, म्हणजे सॅडलखालच्या खांबाला, खुणेसाठी टेप लावा, आणि क्रँकच्या मध्यापासून सॅडलचं टोक किती मागे किंवा पुढे आहे ते ओळंब्याने बघा. सॅडलची जाडी वेगळी असते म्हणून सीटपोस्ट न हलवताही उंची बदलते. आणि सॅडल एक सेंटीमीटर पुढे सरकवलं की पेडलपासूनचं अंतर साधारण तीन मिलीमीटरने कमी होतं, तेवढं ते वर घ्यायला लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं आणि मी महिनाभर गुडघा का दुखतोय शोधत बसले.

कोन आधी सपाट ठेवा, मग नाक एक-दोन अंश खाली करून बघा. जास्त खाली केलं की माणूस घसरतो आणि खांदे-हात ताणत बसतो, आणि ते दुखणं हातांचं आहे असं वाटतं पण मूळ सॅडलमध्ये असतं. सारखं नाकाच्या टोकावर सरकायला होत असेल तर सॅडल फार मागे आहे किंवा एरोबार फार लांब आहेत, ते तपासा. कंबर डावी-उजवीकडे हलते आणि एकाच बाजूला चामडी सोलते तर बहुतेक सॅडल उंच झालंय. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीसुद्धा दोन-तीन मिलीमीटर, नाहीतर कशाने बरं वाटलं तेच कळत नाही. कार्बनची रेल, म्हणजे सॅडलखालची दांडी, असेल तर ती जाड आणि अंडाकृती असते, साध्या ७ मिलीमीटर गोल रेलच्या क्लॅम्पमध्ये (पकडीत) कोंबू नका, आणि स्क्रू टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोर लागला ते कळणाऱ्या पान्यानेच, आवळा, अंदाजाने नको.

पारखायचं तर ट्रायसूट, म्हणजे शर्यतीत घालायचा पोशाख, घालूनच पारखा, आतून अंतर्वस्त्र न घालता, कारण ट्रायसूटचं पॅड पातळ असतं आणि जाड पॅडच्या शॉर्ट्समध्ये चांगलं वाटलेलं सॅडल शर्यतीत वेगळंच निघतं. पहिली दहा मिनिटं काही सांगत नाहीत, किमान तासभर एरोबारवर झुकून, थोडा जोर लावून चालवा. इंडोर ट्रेनरवर, म्हणजे घरात जागेवरच सायकल चालवायच्या साधनावर, तर दर दहा-पंधरा मिनिटांनी उभं राहायलाच हवं.

आणि एवढं करूनही उतरल्यावर बराच वेळ बधीर राहत असेल किंवा सूज, गाठ दिसत असेल तर लाजू नका, डॉक्टरांकडे जा, मी सहा महिने उशिरा गेले. संपादकसाहेब, पुढच्या वेळी या विषयावर एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून लिहवून घ्या ही मनापासून विनंती, माझ्यासोबत सराव करणाऱ्या मुली आजही मला बाजूला घेऊन कुजबुजत विचारतात.

कळावे,
आपली एक वाचक