दुसरी सही

भोसरी,
रविवार, रात्री

प्रिय नंदू,

फोनवर सव्वा तास बोललो, तरी मुद्द्याचं राहूनच गेलं. नोकरी सोडायचं तुझं पक्कं आहे. अडलंय ते वर्कशॉप एकट्याने टाकायचं की विजूला बरोबर घ्यायचं, एवढ्यावर.

माझी भागीदारी मोडली हे तुला माहीत आहे, कशावरून ते नाही. चेकवर आम्हा दोघांच्या सह्या लागायच्या. टूलवाला पैशासाठी दारात उभा आणि आमचे साहेब मेहुण्याच्या लग्नाला साताऱ्यात! पण फाटलं ते त्यावरून नाही. तो सहाला घरी जायचा, मी दहाला. नफा निम्मानिम्मा, हे स्टॅम्पपेपरवर होतं. राबायचं कुणी किती, हे कुठेच नव्हतं.

तो गेला तेव्हा सुटलो असं वाटलं. मग मी एकट्याच्या सहीवर कर्ज काढून दुसरं व्हीएमसी (धातूचे सुटे भाग कापणारं कॉम्प्युटरवरचं मशिन) घेतलं, तेही एका पर्चेसवाल्याच्या तोंडी शब्दावर. काम आलंच नाही. आठ महिने मशिनवर ताडपत्री आणि दर पाच तारखेला हप्ता. तो असता तर "पीओ कुठाय, लेखी ऑर्डर?" म्हणाला असता आणि पेन खिशातच ठेवलं असतं.

म्हणून म्हणतो, विजूला घे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिकवत होते तेव्हा बेळगावातलं सायकलींचं दुकान रामूअण्णाच बघत होते. अर्थात ते सख्खे भाऊ. तुमची ओळख कँटीनमधली, तेव्हा कागद हवाच.

साधी भागीदारी नको. 1932 च्या कायद्याने विजूने धंद्यासाठी केलेलं देणं तुझ्या घरापर्यंत येऊ शकतं. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी करा, नाहीतर प्रायव्हेट लिमिटेड. (एकट्याची कंपनीही निघते, 2013 च्या कायद्यात तशी सोय आहे. पण गंमत बघ, तिथेही आपल्यामागे कोण, त्याचं नाव त्याच्या लेखी संमतीसह आधीच द्यावं लागतं!) हिस्सा पहिल्याच दिवशी हातात देऊ नका, चार वर्षांत थोडाथोडा मिळू दे, वर्षाच्या आत सोडणाऱ्याला काही नाही. आणि पन्नास-पन्नास तर मुळीच नको. अडलं की तसंच अडून राहतं, आम्ही दीड वर्ष अडून होतो. मोठ्या रकमेच्या चेकवर मात्र दोन सह्या ठेवाच.

विजूच्या बायकोला हे सगळं माहीत आहे का रे? पहिलं वर्षभर पगार निघणार नाही, हे तिला आत्ताच सांगायला लाव.

गुरुवारी दोघंही या. एमआयडीसीला सुट्टी असते, शेडमध्ये शांतपणे बसता येईल. मसुदा टाइप करून आणा, मी लाल पेन घेऊन बसतो.

तुझा,
बाळ्या