वैशू, कशावरही सही करू नकोस

सातारा, ९ डिसेंबर २०२५

चि. वैशाली हिस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर नाव घालताना हात सवयीने 'चि. सौ.' लिहायला गेला आणि तिथंच थांबला. ते पाकीट फाडलं, दुसरं घेतलं. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला पुढचं सुचत नाही, आणि तूही "अण्णा, नंतर बोलू" म्हणून ठेवतेस. म्हणून लिहितोय. एका दमात वाचवलं नाही तर थांबून थांबून वाच, पण शेवटपर्यंत वाच.

परवा तुझ्या दिरांचा फोन आला होता. आपले सचिनराव ज्याच्या गाडीने गेले, त्या प्यायलेल्या गाडीवाल्याचे मामा कराडला येऊन गेले म्हणे. पाच लाख रोख देतो, 'आमची काही तक्रार नाही' एवढं स्टॅम्पपेपरवर लिहून द्या. दीर मनाने वाईट नाहीत, घरातली ओढाताण त्यांना दिसतेय. पण पोरी, त्या कागदावर सही करू नकोस. सासूबाईंनाही करू देऊ नकोस.

तू त्या दिवशी म्हणालीस, "क्लेम टाकून सचिनची किंमत करून घेऊ का मी?" मला रात्रभर झोप आली नाही. कोर्टातल्या एकतीस वर्षांत हा प्रश्न मी किती बायकांच्या तोंडून ऐकला, आणि उत्तर द्यायचं माझं काम नाही म्हणून फाईल पुढं सरकवली.

एक बाई अजून डोळ्यांपुढून हलत नाही. जावळी भागातली होती. दारू प्यालेल्या टेम्पोवाल्याने नवरा मारलेला. लोकअदालतीत तडजोड झाली, रक्कम फार थोडी होती. घरच्या पुरुषांनी आधीच ठरवून आणलं होतं, तिने नुसता अंगठा दिला. चार महिन्यांनी एकटीच आली आणि विचारू लागली, "साहेब, वरच्या कोर्टात जाता येतं का?" येत नाही. लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नसतं. हे तिला अंगठ्याच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो, वैशू. मी सांगितलं नाही.

म्हणून आज तुला सगळं सांगणार आहे.

सचिनराव गेले त्याची दोन प्रकरणं आहेत आणि ती वेगवेगळी चालतात. एक फौजदारी, ते सरकार चालवतं. दुसरा भरपाईचा दावा, तो मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे तू, मुलं आणि सासूबाईंनी करायचा. फौजदारीत थोडी शंका राहिली तरी आरोपी सुटतो. दाव्यात तसं नाही, पुराव्याचं पारडं कुठल्या बाजूला झुकतं एवढंच बघतात. उद्या तो माणूस तिकडे सुटला, तरी तेवढ्याने तुझा दावा बुडत नाही.

दाव्यात सचिनरावांची किंमत कुणी करत नाही. दर महिन्याला ते घरात जे आणत होते ते एका दारूड्यामुळे थांबलं, तेवढं भरून मागायचं. त्याचा हिशोब सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलाय. तुझ्यासमोर मांडतो. पगार चाळीस हजार, नोकरी कायम, वय चौतीस. चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराला पुढच्या पगारवाढीपोटी निम्मे वाढवतात, म्हणजे साठ हजार धरायचे. मागे अवलंबून चार माणसं, तू, ओवी, सोहम आणि सासूबाई. म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले पंचेचाळीस हजार, वर्षाचे पाच लाख चाळीस हजार. एकतीस ते पस्तीस वयाला गुणक सोळा, म्हणजे वर्षाच्या रकमेला सोळाने गुणायचं. शहाऐंशी लाख चाळीस हजार होतात. शिवाय अंत्यविधीचा खर्च, आणि पत्नीला नवऱ्याच्या, मुलांना बापाच्या, आईला मुलाच्या सहवासाला मुकल्याबद्दल ठरलेल्या रकमा. वरून अर्जाच्या तारखेपासून व्याज. आता मामांचे पाच लाख याच्या शेजारी ठेवून बघ.

हा पैसा त्या माणसाच्या खिशातूनच येईल असंही नाही. गाडीचा थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, विमा असतो, त्यातून येतो. चालक प्यायलेला होता म्हणून विमा कंपनी हात वर करू बघेल. अशा वेळी कोर्टांनी कंपनीला 'आधी कुटुंबाला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असे हुकूम दिलेले आहेत. तू त्याची धास्ती घेऊ नकोस.

मुदतीचं मात्र ध्यानात ठेव. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचं बंधन आलं, ते एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण आपण त्या भरवशावर राहायचं नाही. अपघात २३ ऑगस्टचा. म्हणजे २३ फेब्रुवारीच्या आत अर्ज गेला पाहिजे, आणि मला तो संक्रांतीच्या आधी गेलेला हवाय. पोलिसांनीही अपघाताचा सविस्तर अहवाल प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेलाय का हे मी शिरवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारीन.

आता फौजदारीचं. तो गाडीवाला जामिनावर दुसऱ्याच दिवशी घरी गेला हे कळल्यावर तू जेवणाचं ताट सरकवलंस, ते तुझ्या आईने मला सांगितलं. हयगयीने मृत्यूचं कलम, भारतीय न्याय संहितेचं १०६, जामीनपात्र आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पण पिऊन गाडी हाकली तर माणूस मरू शकतो हे चालवणाऱ्याला ठाऊक असतं, असं धरून सदोष मनुष्यवधही लावता येतो. तिथे दहा वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. मुंबईत कार्टर रोडला २००६ च्या नोव्हेंबरात फुटपाथवर झोपलेले सात मजूर एका प्यायलेल्या तरुणाच्या गाडीखाली गेले. सत्र न्यायालयाने सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं केली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि ही शिक्षा फार अपुरी आहे असंही लिहिलं, पण सरकारने वाढ मागायला अपीलच केलं नव्हतं म्हणून वाढवली नाही. ते वाचून मी तेव्हा नुसता हळहळलो होतो. आज मला त्याचा अर्थ वेगळा लागतो. सरकारच्या मागे आपण उभं राहावं लागतं. वारस म्हणून तुलाही कायद्याने पीडित धरलंय. सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देता येतो, आरोपी निर्दोष सुटला तर तुला स्वतःला अपील करता येतं.

आणि सगळं उभं आहे ते रक्ताच्या नमुन्यावर. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की गुन्हा. नमुना किती वाजता घेतला, सील कुणी केलं, रासायनिक तपासणीचा सी.ए. रिपोर्ट आला का, हे तपास अधिकाऱ्याला लेखी विचारायचं. मागच्या वर्षी पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात नमुनेच बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली, ते तुला आठवत असेल. सचिनरावांचं हेल्मेट फुटलेलं होतं. ते पंचनाम्यात लिहिलंय का तेही बघायचं, नाहीतर उद्या त्यांनी हेल्मेट घातलंच नव्हतं असं म्हणायला समोरचे कमी करणार नाहीत.

दवाखान्याच्या दारात कार्ड देऊन गेलेला तो वकील नको. रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवायला वकिलांना मनाईच आहे. परवडण्याची काळजी करू नकोस, बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आणखी एक. हे आत्ता लिहू नये असं तुझी आई म्हणाली, पण मी बाप आहे. तू बत्तीस वर्षांची आहेस. पुढे कधी तुला पुन्हा संसार करावासा वाटला, तर त्यामुळे तुझा भरपाईचा हक्क जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तसं स्पष्ट म्हटलंय. याच्यावर उत्तर देऊ नकोस. माहीत असू दे, इतकंच.

तू राहतेस म्हणून दावा पुण्यातही चालेल, अपघात या जिल्ह्यात झाला म्हणून साताऱ्यातही. साताऱ्यात घातलास तर तुला दर वेळी रजा टाकायला नको, तुझी साक्ष सोडून प्रत्येक तारखेला मी जाऊन बसेन.

शनिवारी सकाळच्या एसटीने येतोय. पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा पीएम रिपोर्ट, मुलांचे जन्मदाखले आणि रेशनकार्ड एका पिशवीत काढून ठेव. सापडलं नाही ते राहू दे, मी शोधीन. ओवीला सांग, आजीने तिळाचे लाडू आत्ताच करायला घेतलेत.

तुझे,
अण्णा